कोनाड्यातली गाठ : एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर काय करावे

एका कानाचे ऐकणे मंदावले, की माणूस नकळत दुसऱ्या कानावर भागवू लागतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत करणारे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे घशाच्या तक्रारीसाठी आले होते. तपासणी चालू असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि हात हनुवटीखालून आडवा नेऊन उजव्या कानाला लावला. डाव्या हातातला फोन डाव्या कानाला का लावला नाहीत, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, त्या कानाला आवाज येतोय, पण बोलणं काय उमगत नाही." असे किती दिवसांपासून आहे, हे त्यांना आठवत नव्हते. आपल्याला काही आजार असावा असेही त्यांना वाटत नव्हते, कारण दुसरा कान उत्तम चालत होता.

आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि तेही एकाच बाजूला, ही तक्रार कानाच्या डॉक्टरने कधीही हलक्यात घेऊ नये आणि रुग्णानेही घेऊ नये. त्यामागे बहुतेक वेळा साधी कारणे निघतात. मात्र शंभरातल्या काही मोजक्या रुग्णांत कानामागे, कवटीच्या आत, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग) यांच्या मधल्या कोनात वाढणारी गाठ सापडते. ती बहुधा कर्करोगाची नसते, सावकाश वाढते आणि लवकर सापडली तर उपचारांचे सगळे मार्ग मोकळे असतात. अशी गाठ कशी ओळखावी, कोणती तपासणी मागावी, अहवाल कसा वाचावा, निर्णय कसा घ्यावा आणि शस्त्रक्रिया झालीच तर घरी काय सांभाळावे, हे कोल्हापूर आणि आसपासच्या रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना नीट कळावे म्हणून हे लिहीत आहे. उल्लेख केलेल्या रुग्णांची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

घरच्या घरी काय पाहावे

आपल्याकडे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये वर्षानुवर्षे काम करणारे हजारो लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे कान आवाजाने बिघडतात. परंतु कारखान्याचा आवाज दोन्ही कानांवर पडतो, त्यामुळे ऐकणे दोन्ही बाजूंनी साधारण सारखेच कमी होते. वयाने येणारा बहिरेपणाही तसाच दोन्हीकडे येतो. म्हणून "फाउंड्रीत होतो, त्याचंच असणार" किंवा "आता वय झालं" ही उत्तरे दोन्ही कानांना लागू पडतात, एका कानाला पडत नाहीत. एकच कान गेला असेल तर त्याचे कारण वेगळे शोधावेच लागते.

शांत खोलीत बसून फोनवर ओळखीच्या माणसाशी आधी एका आणि मग दुसऱ्या कानाने दोन-दोन मिनिटे बोलावे. आवाजाचा मोठेपणा किती आहे याकडे लक्ष न देता शब्द किती स्पष्ट कळतात तेवढे पाहावे. मग डोळे मिटावेत आणि घरातल्या कोणाला तरी प्रत्येक कानाजवळ बोटांची चिमूट हलकेच चोळायला सांगावे. याशिवाय एकाच कानात सतत गुणगुण किंवा शिटीसारखा आवाज येणे, अंधारात किंवा खडबडीत रस्त्यावर चालताना एका बाजूला झोक जाणे, आणि गालाचा किंवा ओठाचा एक भाग बधिर वाटणे या खुणाही स्वतःशी पडताळून पाहाव्यात. काही जणांचा एक कान एका रात्रीत बंद पडतो. तसे झाल्यास त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, कारण अशा बहिरेपणावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

कानात कोमट तेल घालण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती आजीच्या मायेने आलेली आहे हे मी जाणते. पण पडद्याच्या कितीतरी आत असलेल्या ऐकण्याच्या नसेपर्यंत तेल पोहोचत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर अपाय होतो. त्यामुळे तपासणी होईपर्यंत कानात काहीही घालू नये.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

पहिली पायरी कानाची प्रत्यक्ष तपासणी ही आहे. मळ, पडद्याचे छिद्र, पडद्यामागचे पाणी ही कारणे पाच मिनिटांत कळतात. त्यानंतर कंपनकाटा वापरला जातो. कपाळाच्या मध्यावर ठेवलेल्या ५१२ हर्ट्झच्या काट्याचा आवाज नसेच्या दोषात चांगल्या कानाकडे सरकतो, तर मळ किंवा पडद्याच्या दोषात तो खराब कानाकडे सरकतो. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही, तरी ती बरेचदा राहून जाते.

दुसरी पायरी ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाला किती ऐकू येते ते मोजून आलेख काढणारी चाचणी. आलेखावर उजव्या कानाचे ऐकणे लाल गोलांनी आणि डाव्याचे निळ्या फुल्यांनी दाखवतात, एवढे लक्षात ठेवले तरी घरच्यांना तो कागद वाचता येतो. लाल आणि निळी रेघ जवळजवळ चालत असतील तर प्रश्न दोन्ही कानांचा आहे. एक रेघ दुसरीपासून खाली निसटली असेल, म्हणजे शेजारशेजारच्या दोन स्वरपट्ट्यांवर १५ ते २० डेसिबलचा फरक दिसत असेल, आणि त्याचे साधे कारण मिळत नसेल, तर पुढे एमआरआय करणे योग्य ठरते. इथे एक गोष्ट आग्रहाने मागावी. अनेक ठिकाणी केवळ स्वरांची चाचणी करून कागद हातात देतात. शब्दांची चाचणीही करा, असे स्पष्ट सांगावे. नसेवरच्या गाठीत स्वर बऱ्यापैकी ऐकू येत असतानाही शब्द ओळखण्याचे प्रमाण फार खाली येते, आणि स्वर व शब्द यांच्यातली ही तफावत हाच त्या गाठीचा जुना, विश्वासाचा पुरावा आहे. गुळाच्या अडत्यांच्या डाव्या कानाची स्वरांची रेघ फारशी वाईट नव्हती. शब्द मात्र त्यांना निम्मेही ओळखता आले नव्हते. या चाचण्या कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा खासगी श्रवणतज्ज्ञाकडे करून घेता येतात.

'बेरा' ही नसेतून मेंदूपर्यंत जाणाऱ्या लहरी मोजणारी चाचणीही सुचवली जाते. ती उपयोगी आहे, परंतु एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ तिच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून 'बेरा' चांगली आली एवढ्यावर समाधान मानू नये.

इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका शिक्षिकेला मी तोल जाण्याच्या तक्रारीसाठी आठ महिने चक्करच्या गोळ्या देत राहिले. त्यांचा एक कान कमी ऐकतो हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि मी ते केसपेपरवर लिहूनही ठेवले होते. गाल बधिर झाल्यावर एमआरआय केला तेव्हा गाठ ३५ मिलिमीटरची निघाली. आठ महिन्यांत ती फारशी वाढली नसेल, पण त्यांचे आठ महिने मी वाया घालवले. तेव्हापासून एका कानाच्या तक्रारीचा कागद मी बाजूला काढून ठेवते आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मिटत नाही.

एमआरआय सांगताना आणि करताना

'मेंदूचा एमआरआय' एवढेच चिठ्ठीवर लिहिले असेल तर जाड कापांची नेहमीची तपासणी होते, आणि कानाच्या नसा ज्या हाडाच्या नळीतून जातात त्या श्रवणनलिकेतली चार-पाच मिलिमीटरची गाठ दोन कापांच्या मधे हरवू शकते. चिठ्ठीवर दोन्ही अंतर्गत श्रवणनलिकांचे पातळ काप, आणि गरजेप्रमाणे गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध), असे लिहून घ्यावे. कॉन्ट्रास्टपूर्वी रक्तातले क्रिएटिनिन तपासलेले असावे, त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते. मूत्रपिंडाचा आजार, पेसमेकर, शरीरातील धातू किंवा गर्भारपण असेल तर ते आधीच सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन मागून घ्यावेत. चांगला कान एकच उरलेल्या माणसाने तर नक्कीच. फिल्मबरोबर सीडीही घ्यावी. पुढे कोणत्याही शहरातल्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे झाले तर छापील फिल्मपेक्षा सीडी जास्त कामाची ठरते.

हा कोनाडा नेमका कुठे आहे

अहवालात 'सेरेबेलोपॉन्टाइन अँगल' असा जड शब्द येतो आणि घरचे लोक घाबरतात. त्या जागेला मी कोनाडा म्हणते. जुन्या वाड्याच्या भिंतीत दिवा ठेवायला असतो तसाच हा कोनाडा असून कवटीत असे दोन आहेत, प्रत्येक कानामागे एक. त्याची बाहेरची भिंत शंखास्थीच्या, म्हणजे कानाजवळच्या कवटीच्या हाडाच्या, खडकासारख्या कठीण भागाची आहे, आणि त्याच हाडात आतला कान कोरलेला आहे. आतली भिंत म्हणजे पॉन्स, मस्तिष्कस्तंभाचा मधला फुगीर भाग. मागची भिंत लहान मेंदूची. वर तंबूसारखा ताणलेला जाड पडदा आहे. कोनाडा मेंदूभोवतीच्या पाण्याने भरलेला असतो, आणि त्या पाण्यातून नसा आरपार जातात. नस हा शब्द इथे रक्तवाहिनीसाठी वापरलेला नाही; संवेदना आणि हालचालीचे संदेश नेणाऱ्या दोऱ्यांसाठी तो वापरला आहे.

वरच्या बाजूला चेहऱ्याची संवेदना वाहणारी पाचवी नस, मधोमध चेहरा हलवणारी सातवी आणि ऐकणे व तोल सांभाळणारी आठवी, आणि खाली गिळणे, आवाज व खांदा यांच्याशी संबंधित नववी, दहावी आणि अकरावी. गाठ कोणत्या दिशेला वाढते त्यावर लक्षणे कशी ठरतात, हे या मांडणीवरून उलगडते. गाल बधिर झाला म्हणजे गाठ वर पाचव्या नसेपर्यंत पोहोचली. गिळताना ठसका लागू लागला म्हणजे खालच्या नसांवर भार आला.

सातवी आणि आठवी नस कोनाड्यातून निघून साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या नळीत शिरतात. हीच अंतर्गत श्रवणनलिका. नळीच्या टोकाला चार दोऱ्या ठराविक जागी असतात. पुढे वर चेहऱ्याची, पुढे खाली ऐकण्याची, आणि मागे वर-खाली तोलाच्या दोन. त्यांच्या मधे हाडाच्या बारीक कडा असतात. गाठीने सगळे विस्कटून टाकले तरी नळीच्या टोकाशी ही मांडणी टिकून असते, आणि चेहऱ्याची नस शोधायला शल्यविशारद याच कडांचा आधार घेतात.

ऐकणे आधी जाते आणि चेहरा मात्र फार उशिरापर्यंत सरळ राहतो, याचे लोकांना आश्चर्य वाटते. चेहऱ्याच्या नसेत हालचालीचे तंतू असतात आणि हळूहळू येणारा दाब ते बराच काळ सोसतात. ऐकण्याची नस तेवढी सोशिक नाही. शिवाय आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी याच नळीतून जाते आणि तिला पर्यायी वाट नाही, त्यामुळे ती दबली किंवा आकसली तर नस शाबूत असूनही कान जातो. तोलाच्या नसेवर गाठ वाढत असताना गरगरणारी चक्कर फारशी येत नाही, याचेही कारण तसेच आहे. नसेचे काम इतके सावकाश कमी होते की दुसऱ्या कानाच्या आणि डोळ्यांच्या मदतीने मेंदू ती उणीव भरून काढत राहतो.

अहवालातील नावे

या जागेत सापडणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी, म्हणजे साधारण चारपैकी तीन, व्हेस्टिब्युलर श्वानोमा असतात. 'अकॉस्टिक न्यूरोमा' हे त्याच गाठीचे जुने आणि अजून प्रचारात असलेले नाव आहे. पण ती ऐकण्याच्या नसेपासून सुरू होत नाही. तोलाच्या नसेवरच्या आवरणाच्या पेशींपासून, म्हणजे श्वान पेशींपासून ती निघते. त्या पेशींची वाढ आवरणारे मर्लिन नावाचे प्रथिन बंद पडल्याने असे होते, आणि त्या प्रथिनाचे जनुक २२ व्या गुणसूत्रावर आहे. बहुतेक रुग्णांत हा बिघाड त्या एका पेशीपुरता असतो, मुलाबाळांत उतरत नाही. परंतु दोन्ही बाजूंना गाठी असतील, किंवा तिशीच्या आतच गाठ सापडली असेल, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस २ या आनुवंशिक आजाराची शक्यता धरून रुग्णाची आणि घरच्यांची वेगळी तपासणी करावी लागते. चित्रात ही गाठ आइस्क्रीमच्या कोनासारखी दिसते; निमुळते टोक नळीत आणि गोळा बाहेर कोनाड्यात.

मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो, हाडाला रुंद पायाने चिकटतो आणि बायकांत अधिक आढळतो. एपिडर्मॉइड ही मोत्यासारखी चकचकीत पांढरी गाठ त्वचेच्या पेशींपासून बनते, नसांना ढकलण्याऐवजी त्यांच्याभोवती पसरते, आणि कधी कधी गालात विजेसारख्या कळा एवढेच तिचे लक्षण असते. इतर प्रकार क्वचित दिसतात.

अहवालात तीन गोष्टी शोधाव्यात: गाठ किती मिलिमीटर आहे आणि त्या मापात नळीतला भाग धरला आहे का, ती मस्तिष्कस्तंभाला टेकली आहे की त्याला दाबते आहे, आणि मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल आणि सोबत सकाळची डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणे किंवा गुंगी असेल, तर मते गोळा करत बसू नये. त्याच दिवशी मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात दाखल व्हावे.

निर्णय कसा घ्यावा

अहवाल हाती आला की आपल्याकडे सगळी भावकी जमते. कोणी म्हणते लगेच काढून टाका, कोणी म्हणते मेंदूला हात लावू देऊ नका. दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात, पण गाठीचे माप, उरलेले ऐकणे, वय आणि तब्येत यांचा विचार त्यांत नसतो. पोकळ्या फुगलेल्या नसतील तर निर्णयासाठी काही आठवडे निश्चित मिळतात. ते वापरावेत.

पहिला मार्ग लक्ष ठेवण्याचा आहे. लहान गाठी सरासरीने वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढतात आणि कित्येक वर्षानुवर्षे वाढतच नाहीत. सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी एमआरआय व ऑडिओमेट्री करून पाहणे हा पूर्ण वैद्यकीय उपचार आहे, त्याला दुर्लक्ष म्हणू नये. अडत्यांची गाठ १४ मिलिमीटरची होती, आणि आम्ही हाच मार्ग निवडला. मात्र या काळात गाठ वाढली नाही तरी ऐकणे कमी होऊ शकते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

दुसरा मार्ग रेडिओसर्जरी. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९६९ मध्ये या गाठीवर गॅमा नाइफ हे किरणांचे यंत्र पहिल्यांदा वापरले. कवटी न उघडता अनेक बारीक किरण एका बिंदूवर आणून गाठीच्या कडेला साधारण १२ ते १३ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा एकाच बैठकीत देतात. गाठ नाहीशी होत नाही. तिची वाढ थांबते, आणि ती बहुतेक रुग्णांत थांबते. साधारण तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींसाठी हा मार्ग योग्य आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत गाठ तात्पुरती सुजलेली दिसू शकते. त्या चित्राने घाबरून घाईने शस्त्रक्रियेला जाऊ नये. गॅमा नाइफ यंत्रासाठी कोल्हापूरकरांना मुंबईसारख्या शहरात जावे लागते.

तिसरा मार्ग शस्त्रक्रिया. मस्तिष्कस्तंभ दाबणारी मोठी गाठ, तरुण रुग्णातली वाढती गाठ, पसरलेला एपिडर्मॉइड यांत तोच योग्य ठरतो. माझे मत स्पष्ट आहे. वयस्कर माणसाच्या लहान गाठीत घाई करू नये आणि मोठ्या गाठीत उशीर करू नये. शल्यविशारदाला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. या प्रकारच्या किती शस्त्रक्रिया तुमच्या हातून होतात, शस्त्रक्रियेच्या वेळी चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारे यंत्र असते का, कानाचे आणि मेंदूचे डॉक्टर एकत्र काम करतात का, ऐकणे वाचण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती, आणि नस वाचवण्यासाठी गाठीचा थर मागे ठेवण्याची वेळ आली तर तुम्ही काय कराल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. नसेला घट्ट चिकटलेला पातळ पापुद्रा मागे ठेवून पुढे एमआरआयने पाहत राहणे, किंवा गरज पडल्यास त्यावर रेडिओसर्जरी करणे, हा आज मान्य आणि शहाणा मार्ग आहे. गाठ पूर्ण निघाली आणि चेहरा गेला, यात रुग्णाचे भले होत नाही.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमकी ही शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून दाखल होण्याआधी विचारावे. दाखल झाल्यावर धावपळ करावी लागू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ बोटाने उकरून काढत आणि बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी गाठ आतून पोकळ करून आवरण जागीच ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि मृत्यू खूप कमी झाले. १९६० च्या दशकात विल्यम हाउस यांनी कानाच्या हाडातून सूक्ष्मदर्शक वापरून गाठीपर्यंत जाण्याची वाट पक्की केली, तेव्हापासून चेहरा वाचवणे हे शस्त्रक्रियेचे खरे उद्दिष्ट बनले.

आज तीन वाटा आहेत. कानामागून, कानातून आणि कानाच्या वरून. कानामागची वाट कोणत्याही मापाच्या गाठीला चालते आणि ऐकणे वाचण्याची शक्यता राखते. कानातून जाणाऱ्या वाटेत आतला कान कापला जातो, म्हणून ऐकणे जातेच. पण लहान मेंदू फारसा बाजूला सारावा लागत नाही आणि चेहऱ्याची नस लवकर सापडते. वरची वाट नळीतल्या लहान गाठीसाठी, ऐकणे चांगले असताना.

कानामागच्या वाटेत रुग्णाला कुशीवर झोपवतात. हाडाची छोटी खिडकी उघडल्यावर मेंदूभोवतीचे पाणी आधी सावकाश वाहू देतात. त्याने लहान मेंदू आपोआप सैल पडतो आणि त्याला ओढावे लागत नाही. मग गाठ आतून पोखरतात, आणि पोकळ झालेले आवरण नसांवरून व मस्तिष्कस्तंभावरून हळूहळू सोलून काढतात. मोठ्या गाठीवर चेहऱ्याची नस दोरीसारखी राहत नाही. ती फितीसारखी चपटी होऊन पसरते आणि सूक्ष्मदर्शकाखालीही सहज ओळखू येत नाही. म्हणून अगदी सौम्य विजेचा स्पर्श करून चेहऱ्याचे स्नायू उत्तर देतात का ते पाहत पुढे जातात. हे काम सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त चालते. बाहेर बसलेल्यांनी वेळ लांबली म्हणजे काही बिघडले असे समजू नये. बहुतेक वेळा तो वेळ नसेसाठी दिलेला असतो.

आधीच्या तयारीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि मशेरी, सगळे न लपवता सांगावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

नंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस गरगरते आणि उलट्या होतात; तोलाची उरलेली नस अचानक गेल्याने असे होते आणि ते ओसरते. त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी घरच्यांनी शिकून घ्याव्यात.

पहिली म्हणजे पाणी. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ थेंब पडणे, घशात खारट चव येणे, किंवा जखमेतून ओल येणे हे सर्दीचे किंवा घामाचे समजू नये. मेंदूभोवतीचे पाणी हाडातल्या पोकळ्यांमधून कानात आणि तिथून नाकात उतरू शकते, आणि त्याच वाटेने जंतू आत जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. नाक जोरात शिंकरू नये, शौचाला जोर करू नये, जड उचलू नये. ताप, मान आखडणे किंवा वाढती डोकेदुखी दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरी म्हणजे डोळा. चेहरा कमजोर झाला असेल तर पापणी पूर्ण मिटत नाही. चेहऱ्याची ताकद एक ते सहा अशा श्रेणीत मोजतात, आणि घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी रेघ तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या मधे आहे. जोर लावल्यावर डोळा पूर्ण मिटतो तोवर तिसरी, जोर लावूनही फट उरते तेव्हा चौथी. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर आडवी पट्टी, आणि बाहेर पडताना गॉगल, हे नियमाने करावे. गालही बधिर असेल तर डोळ्याला इजा होऊनही दुखत नाही, म्हणून अशा रुग्णाचा डोळा रोज उजेडात कोणीतरी पाहावा आणि लाली किंवा पांढरा ठिपका दिसताच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. माझ्या शिक्षिका रुग्णाचा चेहरा शस्त्रक्रियेनंतर चौथ्या श्रेणीत होता. त्यांची सून सहा महिने रोज संध्याकाळी अंगणात त्यांचा डोळा पाहत असे. नस तुटलेली नसेल तर चेहरा सुधारायला महिने, कधी वर्षही लागते. तोवर बुबुळ शाबूत राहिले पाहिजे, आणि त्यांचे राहिले.

तोलासाठी औषधांपेक्षा हालचाल उपयोगी पडते. चक्करच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचे शिकणे मंदावते. अंगठा समोर धरून त्याच्यावर नजर ठेवत मान डावी-उजवीकडे फिरवणे, भिंतीला धरून एका रेषेत पावले टाकणे, आणि मग सोबतीला माणूस घेऊन रंकाळ्याच्या काठावर उजेड असेतोवर चालणे, अशा क्रमाने वाढवावे. अंधारात आणि ओल्या फरशीवर जास्त जपावे.

एका कानाने जगताना आवाजाची दिशा कळत नाही. मागून हॉर्न वाजला तर तो कोणत्या बाजूचा हे उमगत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे पूर्ण वळवावी. पंगतीत बसताना बहिरा कान भिंतीकडे करावा. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणारी श्रवणयंत्रे मिळतात. विकत घेण्याआधी आठवडाभर वापरून पाहावीत.

पुढची वर्षे

शस्त्रक्रिया असो, किरण असोत किंवा नुसते लक्ष ठेवणे असो, एमआरआय वर्षानुवर्षे करावे लागतात. इथे एक चूक वारंवार होते. नवे चित्र फक्त गेल्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहिले जाते, मिलिमीटरभर फरक मोजमापात हरवतो आणि दर वर्षी 'फरक नाही' असा शेरा येतो. म्हणून सगळ्यात जुनी सीडी कधीही टाकू नये, आणि नवे चित्र तिच्याशी ताडून पाहायला रेडिओलॉजिस्टला मुद्दाम सांगावे. अडते ते पाकीट कापडी पिशवीत घालून आणतात. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तारखा आणि मापे लिहिली आहेत: १४, १४, १५, १५, १५. पाचव्या वर्षी रेडिओलॉजिस्टने शेवटचे चित्र पहिल्या चित्राशेजारी ठेवून मोजले आणि अहवालात दोन्ही मापे लिहिली. पुढची तपासणी वर्षाने करायची ठरली आहे.